कर्तेपणाचा अधिकार

सज्जनहो, परमार्थाच्या वाटेने चालणाऱ्या माणसाला ‘स्पर्धा’ हा शब्द फारसा रुचत नाही. स्पर्धा आली की पाठोपाठ मत्सर आला, मत्सर आला की मन मलिन झाले, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. अशा वाचकांपुढे एका शर्यतीचा विचार मांडायचा, आणि तोही सातासमुद्रांपलीकडच्या बर्फावरच्या शर्यतीचा, म्हणजे थोडे धाडसच आहे. पण या शर्यतीत धावणारी मंडळी निराळी आहेत, आणि त्यांच्यामुळे उभा राहणारा प्रश्न थेट आपल्या घरातला आहे. प्रश्न असा : ज्याची बुद्धी बालपणापासूनच चार पावले मागे राहिली, त्याला जिंकण्या-हरण्याच्या फंदात पाडावे काय? की त्याला मायेने सांभाळावे, पोटभर जेवू घालावे आणि असल्या दगदगीपासून दूर ठेवावे, हाच खरा धर्म?

प्रथम विषय कळण्यापुरती माहिती सांगतो. थंड देशांत बुटाखाली पोलादाचे लांब पाते बसवून बर्फावरून घसरत धावतात, त्याला स्केटिंग म्हणतात. बंदिस्त जागेत पाणी गोठवून बर्फाचे मैदान करतात आणि त्यावर लांबट वर्तुळाचा मार्ग आखतात. एक फेरा सुमारे १११ मीटरचा. वारीतले गोल रिंगण ज्याने पाहिले आहे त्याला हे चित्र पटकन डोळ्यांपुढे येईल. फरक एवढाच की येथे डावे अंग आत ठेवून, म्हणजे आपल्या प्रदक्षिणेच्या उलट दिशेने धावायचे असते. या खेळाची गंमत अशी की पुढे जायचे तर पाय मागे मारून भागत नाही. पात्याच्या कडेने बर्फाला बाजूला रेटावे लागते. आणि वळण आले की सगळे शरीर आतल्या अंगाला झुकवावे लागते, इतके की चांगल्या खेळाडूचा डावा हात बर्फाला टेकतो. वळणावर जो भिऊन ताठ उभा राहील तो बाहेर फेकला जाईल. झुकण्याचे भय ज्याने जिंकले त्यालाच वळण साधते. डोक्यावर कठीण टोप, हातमोजे, गुडघ्यांना संरक्षण, भोवतालच्या कठड्याला जाड गाद्या, असा सारा बंदोबस्त असतो. तरी पडणे कोणाला चुकत नाही. म्हणून पहिला धडाच असतो तो पडावे कसे आणि पडल्यावर उठावे कसे, याचा.

आता ज्यांच्याविषयी बोलायचे ती माणसे. पूर्वी आपण त्यांना खुळे म्हणत होतो, मग मतिमंद म्हणू लागलो. आता बौद्धिक दिव्यांग म्हणतो. हा मनाचा आजार नव्हे. मनाचा आजार कोणालाही, कोणत्याही वयात होतो आणि पुष्कळदा उपचाराने आटोक्यात येतो. येथे शिकण्याची, हिशेब ठेवण्याची, मागचे-पुढचे ताडण्याची आणि रोजचे व्यवहार एकट्याने उरकण्याची शक्तीच लहानपणापासून कमी असते. कोणाच्या पेशींत एक गुणसूत्र अधिक असते, त्याला डाऊन सिंड्रोम म्हणतात. कोणाच्या मेंदूला जन्माच्या वेळी प्राणवायू कमी पडतो. कोणाला बालपणीचा मेंदूज्वर कारण होतो. आणि कित्येकांच्या बाबतीत कारण सापडतच नाही. कारण सापडले नाही म्हणजे त्यांच्या पूर्वजन्मीचे पाप शोधीत बसण्याचा अधिकार आपल्याला मिळाला, असे मात्र नव्हे.

अशा खेळाडूंसाठी ‘स्पेशल ऑलिंपिक्स’ नावाची जागतिक चळवळ आहे. तिचे मूळ एका दुःखात आहे, आणि ते दुःख आपल्या प्रश्नाशी जोडलेले आहे. अमेरिकेचे अध्यक्ष झालेले जॉन केनेडी यांना रोझमेरी नावाची बहीण होती. ती बुद्धीने मागे होती, पण हिंडतीफिरती, बोलकी, नटण्या-नाचण्याची हौस असलेली. १९४१ साली, ती तेवीस वर्षांची असताना, तिच्या वडिलांनी तिच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करवली. तिच्या आईलाही त्यांनी आधी सांगितले नाही. हिचा चिडखोरपणा शमेल, हिचे ठीक होईल, अशी आशा होती. झाले भलतेच. पोरीचे चालणे-बोलणेच खुंटले. त्यातले थोडेबहुत पुढे परत आले, परंतु उरलेले सारे आयुष्य तिला इतरांच्या आधाराने संस्थेतच काढावे लागले. २००५ साली ती वारली. अहो, यात वडिलांना दुष्ट म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण दुष्टपणाने झाले नसेल तर? मुलीच्या हिताच्याच विचाराने झाले असेल तर? मग तर गोष्ट अधिक भयंकर होते. तिच्या हिताचा विचार सर्वांनी केला, तिला मात्र कोणी विचारले नाही.

तिची धाकटी बहीण यूनिस केनेडी श्रायव्हर. या बाईंनी १९६२ साली मेरीलँड राज्यातील आपल्या घराच्या आवारात अशा मुलांसाठी उन्हाळी शिबिर भरवले. मुलांना पोहायला, धावायला, चेंडू खेळायला दिले. ‘यांना काय येणार’ असे म्हणणाऱ्या काळात यांना बरेच काही येते, हे तेथे उघड दिसले. त्यातूनच २० जुलै १९६८ रोजी शिकागोच्या सोल्जर फील्ड मैदानावर पहिले सामने झाले. अमेरिका व कॅनडा येथील सुमारे एक हजार खेळाडू त्यांत उतरले. बर्फावरच्या खेळांचे पहिले सामने १९७७ साली कोलोरॅडो राज्यात झाले. २०२५ च्या मार्च महिन्यात इटलीतील ट्युरिन येथे हिवाळी जागतिक सामने भरले, तेव्हा तेथे सुमारे शंभर देशांचे दीड हजार खेळाडू जमले होते. आपल्या भारताचेही पथक होते. बर्फाची बंदिस्त मैदाने आपल्या देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. तरी आपली पोरे ३३ पदके घेऊन परतली.

आता या शर्यतींची रीत पाहा, कारण विचाराची गाठ तेथेच आहे. अंतरे लहानमोठी : कोणाला एकच फेरा, कोणाला दोन-तीन, कोणाला सात फेऱ्यांची ७७७ मीटरची शर्यत. अगदी नवशिक्यांना सरळ रेषेत २५ मीटर. सामन्याच्या आधी प्राथमिक फेरी होते. तीत प्रत्येकाचा वेग मोजतात आणि मग वय, स्त्री-पुरुष भेद व वेग पाहून तीन ते आठ जणांचे गट पाडतात. जे साधारण बरोबरीचे, ते एका गटात. प्रत्येक गटाची अंतिम शर्यत वेगळी आणि प्रत्येक गटाचे सुवर्णपदक वेगळे. पहिल्या तिघांना पदके. मागच्यांनाही त्यांच्या क्रमांकाची फीत मिळते.

येथे कोणी शंका घेईल : महाराज, हा तर पोरखेळ झाला. जितके गट तितके पहिले! एका गटातल्या पहिल्यापेक्षा दुसऱ्या गटातला शेवटचा अधिक वेगवान असेल. मग हे जिंकणे कसले? ही तर समजूत घालणे झाले.

शंका वरवर बिनतोड दिसते. पण आपल्या तालमीत काय करतात? वस्ताद जोड लावतो ना? सव्वाशे किलोच्या पैलवानापुढे पन्नास किलोचे पोर कोणी उभे करीत नाही. केले तर त्याला कोणी कुस्ती म्हणणार नाही. तोडीस तोड असेल तेव्हाच कुस्तीला रंग चढतो, कारण तेव्हाच निकाल पैलवानाच्या कष्टावर ठरतो, निसर्गाने दिलेल्या हाडापेरावर नव्हे. स्त्रियांच्या शर्यती निराळ्या, कुमारांच्या निराळ्या, हे आपण मान्य करतोच. सर्व प्राणिमात्रांची एकच शर्यत लावली तर घोड्यापुढे जगज्जेता धावपटूही मागेच राहील. म्हणून त्याचे पदक कोणी खोटे म्हणत नाही. आपल्या शास्त्रांत अधिकारभेद म्हणून जी कल्पना आहे, तिचे बीज हेच : ज्याची जशी तयारी, तसे त्याचे साधन. दुर्दैवाने हा शब्द आपल्याकडे पुष्कळदा दार लावून घेण्यासाठी वापरला गेला. ‘तुझा अधिकार नाही’ एवढेच त्याने सांगितले. या बर्फाच्या मैदानावर तोच विचार दार उघडण्याच्या कामी आला आहे. तुझा अधिकार कोणता ते आधी नीट मोजू, आणि मग त्यात तू आपली शर्थ कर, असे तो म्हणतो.

यापुढचा नियम मला फार मोलाचा वाटतो. समजा, एखाद्याने प्राथमिक फेरीत मुद्दाम हळू धावून खालचा गट मिळवला आणि अंतिम शर्यतीत जोर लावून सुवर्ण पटकावले, तर? त्यासाठी नियम आहे की दोन्ही वेळा प्रामाणिकपणे पूर्ण शक्ती लावली पाहिजे. प्राथमिक फेरीपेक्षा अंतिम फेरीतला वेग ठरलेल्या प्रमाणाबाहेर वाढलेला दिसला, तर खेळाडू बाद होऊ शकतो.

कोणी म्हणेल, केवढा हा कठोरपणा! त्या भोळ्या जिवांना कपटाचा संशय कशाला? पण थोडे थांबून विचार करा. लबाडीचा नियम कोणाला लावतात? जो लबाडी करू शकतो आणि टाळूही शकतो, त्यालाच. वाऱ्याने पणती विझवली तर आपण वाऱ्यावर खटला भरत नाही. ज्याला आपण जबाबदार धरतो, त्याला निवड करता येते हे आपण आधीच मान्य केलेले असते. त्या माणसाला उभ्या आयुष्यात प्रथमच कोणी सांगत असते : तुझ्या करण्याला किंमत आहे, म्हणून तुझ्या न करण्याचाही जाब आहे. घरोघर त्याला मिळते ते निराळेच वाक्य. ‘त्याला काय कळतंय, सोडून द्या.’ हे वाक्य प्रेमाने बोलले जाते, पण त्यातच त्याचे माणूसपण अर्धे पुसले जाते.

पाठशाळेत व्याकरण शिकताना कर्ता व कर्म ही दोन कारके प्रथम शिकवतात. पाणिनीने कर्त्याची व्याख्या करताना एकच खूण सांगितली आहे, ती म्हणजे स्वातंत्र्य. आता आपल्या घरातील, शेजारातील अशा एखाद्या मुलाविषयी दिवसभरात बोलली जाणारी वाक्ये मोजून पाहा. त्याला उठवले, त्याला न्हाऊ घातले, त्याला भरवले, त्याला देवळात नेले, त्याला आत बसवले. सारी वाक्ये दयेची, एकही वाईट नाही. पण प्रत्येक वाक्यात तो कर्म आहे. कर्ता कोणी दुसराच. रोझमेरीचे आयुष्य असे एकच लांब वाक्य झाले, आणि त्यात तिला कर्त्याची जागा कोणी दिली नाही. बर्फावर मात्र वाक्य बदलते. तो झुकला. तो पडला. तो उठला. तो तिसरा आला. येथे त्याच्याऐवजी दुसऱ्या कोणाला झुकता येत नाही. बापाची माया, आईचे डोळ्यांतले पाणी, शिक्षकाची शिकवण, सारे कठड्याच्या बाहेर उभे राहते. वळण त्याला एकट्यालाच घ्यावे लागते.

आता परमार्थी वाचकाची खरी शंका येते. आपण तर सांगतो की कर्तेपणाचा अभिमान सोडा. हे जीव मुळातच निरहंकारी. त्यांना ‘मी जिंकलो’ शिकवणे म्हणजे स्वच्छ पाटीवर काळे ओढणे नव्हे काय?

माझ्या अल्पमतीप्रमाणे यात दोन गोष्टींची गल्लत आहे. सोडायचे ते आधी हाती असावे लागते. ज्याच्या घरात दाणा नाही त्याच्या उपवासाला एकादशी म्हणत नाहीत, उपासमार म्हणतात. तद्वत् ज्याला कर्तेपण कधी मिळालेच नाही, त्याच्या निमूटपणाला निरहंकार म्हणणे ही आपली सोय आहे. शिवाय, त्यांना मत्सर नाही, राग नाही, ते देवाघरची फुले आहेत, हे जे आपण म्हणतो ते त्यांच्याजवळ बसून पाहिलेले नसते. त्यांना राग येतो, हेवा वाटतो, जिंकावेसे वाटते, हरल्यावर रडू येते. ती माणसे आहेत. माणसाचे सगळे विकार आणि विकार आवरण्याची माणसाची शक्ती, दोन्ही त्यांच्यात आहेत. मत्सर जिंकायचा तर तो स्पर्धेच्या मैदानात उतरूनच जिंकावा लागतो. शर्यत संपल्यावर पुढे गेलेल्याचा हात हातात घेणे हे शिकवता येते, आणि ते शिकतात.

या संदर्भात एक गोष्ट सांगणे भाग आहे. एक दृष्टान्त भाषणांतून, प्रवचनांतून फार फिरतो. अशा मुलांची धावण्याची शर्यत होती, नऊ जण धावत होते. एक पडला, तो रडू लागला. बाकीचे आठही मागे वळले, त्याला उचलले, आणि नवांनी हातात हात घालून एकदमच शेवटची रेषा ओलांडली. कोणी ही गोष्ट अमेरिकेतल्या सियाटलची म्हणून सांगतो, कोणी आपल्या हैदराबादची म्हणून. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांना पाणी येते. परंतु चौकशी करणाऱ्यांना मूळ प्रसंग सापडला तो १९७६ सालचा, वॉशिंग्टन राज्यातील स्पोकेन गावच्या सामन्यांतला. तेथे एक खेळाडू पडला हे खरे. एक-दोघे मागे वळले आणि त्याच्याबरोबर शेवटपर्यंत गेले, हेही खरे. बाकीचे मात्र आपली शर्यत धावत राहिले.

मला खरी हकिकत खोट्या दृष्टान्तापेक्षा मोठी वाटते. नऊही जण वळले, असे म्हटले की ते नऊ देवदूत झाले. आणि देवदूताला वळण्याचे श्रेय कसले? तो त्याचा स्वभावच. पण बाकीचे धावत असताना, पदक समोर दिसत असताना जे एक-दोघे वळले, त्यांनी काही तरी सोडले. त्यांनी निवड केली. आणि जे धावत राहिले त्यांनीही काही पाप केले नाही; ज्यासाठी महिनोन् महिने कष्ट केले होते तेच त्यांनी केले. दृष्टान्ताने वळणाऱ्यांचे पुण्य पातळ केले आणि धावणाऱ्यांचा धावण्याचा हक्क काढून घेतला. तुच्छतेने ‘खुळा’ म्हणणे आणि कौतुकाने ‘देवमाणूस’ म्हणणे, या दोन्हींत एक गोष्ट समान आहे : समोरच्या माणसाकडे नीट न पाहणे.

याच चळवळीत १९८० नंतरच्या दशकात आणखी एक पद्धत रुजली. बौद्धिक दिव्यांग खेळाडू आणि तशी अडचण नसलेले खेळाडू, दोघांचा मिळून एकच संघ करायचा. सोबती शक्यतो त्याच वयाचा, त्याच तोडीचा घ्यायचा, आणि सोबत्याने सारा खेळ आपल्याच हाती घ्यायचा नाही, असा दंडक. बर्फावरच्या सांघिक शर्यतीचा नियम मनात आणला म्हणजे या विचाराचे मर्म ध्यानात येते. या शर्यतीत एकाने दुसऱ्याच्या हातात काठी द्यायची नसते. मागून वेगाने येणारा पुढच्याच्या कमरेला दोन्ही हात लावून त्याला जोराने पुढे रेटतो. आपला वेग त्याच्या अंगात घालतो आणि हात काढून घेतो. हात धरून ठेवला तर दोघेही पडतील. आणि ज्याला आता रेटा मिळाला, तोच थोड्या वेळाने पुढच्याला रेटा देणार असतो. सांभाळ करणाऱ्या आईबापांनी, शिक्षकांनी आणि आपण सर्वांनी हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. मदत करावी ती रेट्यासारखी, वेग देऊन हात सोडणारी. आणि ज्याला मदत केली त्याच्याकडून पुढे मदत घेण्याचीही तयारी असावी.

शेवटची एक शंका उरते आणि ती टाळून चालणार नाही. ज्याला शर्यतच झेपत नाही, जो उभाही राहू शकत नाही, त्याचे काय? कर्तेपण हीच माणुसकीची खूण म्हटली तर तो माणसांतून उठला काय? मुळीच नाही. मान आधी, शर्यत मागाहून. पदकाने मान येत नाही. अशांसाठीही त्या चळवळीत स्पर्धेवाचून हालचालींचे शिक्षण देणारा वेगळा कार्यक्रम आहे. हाक ऐकून मान वळवणे, चेंडूकडे हात नेणे, नको ते तोंडाने दूर सारणे, हीसुद्धा कर्त्याचीच कामे आहेत. पाहणाऱ्याला ती ओळखता आली पाहिजेत. आणि जेथे काहीच करवत नाही, तेथे निदान आपण त्याच्या वतीने घाईघाईने निर्णय घेऊ नये. त्याच्या डोळ्यांकडे पाहून, थांबून, विचारून मग करावे.

आपल्या देशात २०१६ साली दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा झाला. त्यात खेळात भाग घेण्याची सोय करणे हे शासनाचे कर्तव्य म्हणून लिहिले आहे. शासनाचे काम शासन करील. पण घराच्या उंबरठ्याच्या आतले काम आपले आहे. त्यासाठी बर्फ लागत नाही. घरातल्या अशा मुलाबरोबर सोंगट्या खेळताना मुद्दाम हरू नका. त्याला खरोखर हरू द्या, म्हणजे एखाद्या दिवशी तो खरोखर जिंकेल. भजनात त्याच्या हाती टाळ द्या आणि ठेका चुकला तर इतरांना सांगता तसेच त्यालाही सांगा. पाणी भरण्याचे, वाती वळण्याचे एखादे काम त्याच्या नावावर करा आणि ते झाले नाही तर विचारा. पडेल, लागेल, सांडेल. पडू द्या, गादी घालून ठेवा, आणि उठण्यापुरता त्याला वेळ द्या.

दया ही मोठी गोष्ट आहे, यात वाद नाही. परंतु ज्याच्यावर दया केली त्याला एकदा तरी विचारावे, ‘बाळा, तुला स्वतःला काय करायचे आहे?’ उत्तर यायला वेळ लागेल. तेवढा वेळ थांबावे. रामकृष्ण हरी.